लडलोचं घर: बाहेरून विटांचं, आतून लाकडाचं, मग नक्की किती जुनं?

घसरतं_पेन (मूळ प्रश्न)

मंडळी नमस्कार, जुन्या इमारतींचं वेड असलेले इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आम्ही बर्मिंगहॅमला असतो. मागच्या आठवड्यात श्रॉपशरमधल्या लडलोला दोन रात्री राहून आलो. गाव सगळ्यांना आवडतं तसं आम्हालाही आवडलं, ते सोडा. प्रश्न आम्ही राहिलो त्या घराचा आहे.

घर ब्रॉड स्ट्रीटवर, बेल लेनच्या जरा वर. बाहेरून एकदम इस्त्री केल्यासारखं, लाल विटा, पांढऱ्या सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्या एकाखाली एक, दारावर अर्धगोल काच. मालकीणबाई म्हणाल्या १७७० च्या आसपासचं जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं घर आहे. बरं. पण आत पाय टाकला आणि सगळं वाकडं! वरच्या बेडरूममध्ये ओकची एक तुळई जाते, माझ्या मांडीएवढी जाड, आणि तिच्यात चार-पाच खाचा आहेत ज्यांत काहीच बसवलेलं नाही, नुसत्या रिकाम्या. जमीन इतकी उतरती की बायकोच्या हातून खिडकीपाशी पेन पडलं ते गडगडत खोली पार करून आतल्या भिंतीजवळच्या कपाटाखाली गेलं, आणि कपाट भिंतीला ठोकलेलं, त्यामुळे पेन गेलंच. मालकीणबाईंना तुळईबद्दल विचारलं तर म्हणाल्या की जुन्या जहाजाचं लाकूड आहे, त्या खाचा जहाजाच्या.

तर १) हे घर १७७० चं वाटतं का? २) जहाजाची गोष्ट खरी असेल का? ३) ब्रॉड स्ट्रीट एवढा ऐसपैस आणि तिथून वर दोन मिनिटांवर किंग स्ट्रीटला दोन माणसं समोरासमोर आली की खांदे आपटतात, हे एकाच गावात कसं? फोटो काढलेत पण इथे चढत नाहीयेत.

चुना_आणि_विटा

पेनभाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तुम्ही फक्त ते उलट्या बाजूने वाचताय. विटा १७७० च्या असतील, घर नाही. मी गेली काही वर्षं श्रॉपशर-हेरफर्डशरकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामावर आहे आणि लडलोत जॉर्जियन दिसणाऱ्या घरात आत शिरून लाकडी सांगाडा सापडणं हे इतकं नेहमीचं आहे की आता सापडला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

झालं असं की अठराव्या शतकात लाकडी घर म्हणजे मागासलेपणाचं लक्षण मानलं जायला लागलं. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याला लंडनसारखं सपाट, सरळ रेषेतलं, विटांचं घर हवं झालं. पण आहे ते घर पाडून नवीन बांधायचा खर्च कशाला करायचा, सांगाडा तर ठणठणीत होता. मग रस्त्याकडची फक्त एक भिंत विटांची उभी करायची, तिच्यात सॅश खिडक्या बसवायच्या, वर कठडा चढवायचा म्हणजे मागचं उंच उतरतं छप्पर रस्त्यावरून दिसत नाही. नवीन शर्ट, आतला बनियन तोच.

आता तुमचं पेन. मला तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये तेच सगळ्यात आवडलं. ते खिडकीकडून आत गेलं म्हणालात ना? विटांची भिंत नवीन, तिचा पाया वेगळा, ती जागेवर आहे. लाकडी सांगाडा मात्र तीनशे-चारशे वर्षं बसत बसत खाली गेलाय, मधल्या चिमणीच्या आसपास तर जास्तच. म्हणून जमीन रस्त्यापासून आतल्या बाजूला उतरते. घर न बघता पैज लावणार नाही, पण शक्यता ही सगळ्यात मोठी.

परत जाल तेव्हा एवढं बघा. घराच्या बाजूला बोळ असेल तर त्यात शिरून वर बघा, समोरच्या विटा कोपऱ्यावर किती इंच आत वळतात आणि मग काय सुरू होतं. समोर फ्लेमिश बाँड असतो, म्हणजे एक वीट आडवी, एक वीट तोंड पुढे करून, एकाच थरात आलटून पालटून. तो दिसायला देखणा आणि कष्टाचा. बाजूला गेलात की तोच गवंडी बिनधास्त कसाही वीट लावतो, नाहीतर सरळ लाकडी चौकटी आणि कुडाच्या भिंती दिसायला लागतात. खिडक्यांच्या वरच्या कडा आणि आतलं छत यांचा मेळ बसतोय का तेही बघा. जुन्या घराची छतं बुटकी, जॉर्जियन खिडक्या उंच, मग कुठेतरी खिडकीचा वरचा भाग छताच्या पाठीमागे लपवावा लागतो.

मिसरूड_मास्तर

म्हणजे पूर्ण रस्ताच मेकअप करून बसलाय म्हणा की! इतक्या वर्षांत चार वेळा गेलो, ब्रॉड स्ट्रीट इंग्लंडमधला सर्वांत सुंदर जॉर्जियन रस्ता म्हणून दहा जणांना फोटो दाखवले. आता काय सांगू त्यांना, फसवणूक आहे म्हणून?

चुना_आणि_विटा

मास्तर, फसवणूक कसली. दोन्ही खरं आहे, पुढचं अठराव्या शतकातलं, मागचं त्याच्या आधीचं. आणि हे फक्त घरांचं नाही. मिल स्ट्रीटवरचं गिल्डहॉल बघितलंय का? बाहेरून विटांचं, टोकदार कमानींच्या गॉथिक खिडक्या, १७६८ मध्ये टॉमस फार्नॉल्स प्रिचर्डने केलेलं दर्शनी काम. हाच तो प्रिचर्ड ज्याने पुढे कोलब्रुकडेलजवळच्या लोखंडी पुलाचं डिझाइन केलं, आणि पूल उभा राहायच्या आधीच १७७७ मध्ये गेला बिचारा. तर त्या गॉथिक मुखवट्यामागे पंधराव्या शतकातलं लाकडी सभागृह उभं आहे, पामर्स गिल्ड या गावातल्या श्रीमंत धार्मिक मंडळाचं. म्हणजे गंमत बघा, खरीखुरी मध्ययुगीन इमारत झाकली आणि तिच्यावर खोटी मध्ययुगीन इमारत रंगवली. याला माझ्या मते तोड नाही.

ब्रॉड गेटही तसंच. तेराव्या शतकातला वेशीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना गोल बुरूज, आणि वर कोणीतरी आरामात घर करून ठेवलंय. खालून गाड्या एकेक करून जातात.

टेमच्या_काठी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, रस्त्यांचा नकाशा हा माझा आवडता विषय आहे आणि घरी कोणी ऐकून घेत नाही.

लडलो आपोआप वाढलेलं गाव नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी द लेसी घराण्याने टेम नदीवरच्या उंचवट्यावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या पुढच्या शतकात किल्ल्याच्या दारापासून पूर्वेकडे टेकाडाच्या माथ्यावरून गाव आखलं गेलं. किल्ल्यासमोरून बुल रिंगपर्यंत एक लांबलचक रुंद पट्टा, तो बाजार. त्या पट्ट्यापासून नदीकडे उतरणारे रस्ते, मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट, एकमेकांना समांतर, आणि मध्ये मागच्या कामाच्या गल्ल्या. रस्त्याच्या दोन्ही कडेला जमिनीच्या लांब अरुंद पट्ट्या पाडल्या, त्यांना बर्गेज प्लॉट म्हणतात. समोर तोंड छोटं कारण रस्त्यावरची जागा मोलाची, मागे लांबच लांब परस, त्यात डुकरं, विहीर, कामाचे गोठे-शेड काय हवं ते. पट्टी घेणाऱ्याने वर्षाला ठरलेलं भाडं द्यायचं, त्या बदल्यात तो जमीन विकू शकतो, मुलाला देऊ शकतो. जहागीरदाराला शेतीपेक्षा हा धंदा परवडायचा, भाडं वेगळं आणि बाजाराचा कर वेगळा.

रुंदी मोजायचं माप होतं पर्च, म्हणजे साडेसोळा फूट. गंमत म्हणजे आज ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहून टेप लावलीत तर पुष्कळ दर्शनी भिंती त्या मापाशी किंवा त्याच्या पट-निमपटीशी नातं सांगतात. घर तीनदा बदललं, मालक तीसदा बदलले, पण पट्टीची हद्द कोणी सोडली नाही. कारण सोपं आहे, शेजारी एक फूटही देत नाही.

आता किंग स्ट्रीट. तो मुळात रस्ताच नाही! तो बाजाराच्या पट्ट्याची उरलेली फट आहे. बाजाराच्या दिवशी मोकळ्या जागेत फळकुटाचे गाळे लागायचे, संध्याकाळी उचलायचे. मग एखाद्याने उचललेच नाहीत. मग वर छप्पर टाकलं. मग छपरावर माळा काढला झोपायला, मग मजला, आणि शे-दीडशे वर्षांत मोकळ्या बाजाराच्या मधोमध घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. म्हणून तिथल्या घरांना परस नाही, मागचं दार नाही, पुढूनही रस्ता आणि मागूनही रस्ता. हार्प लेन, चर्च स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट या सगळ्या एकाच मूळ मैदानाच्या चिरफळ्या आहेत. नकाशावर बोट ठेवून बघा, कडेच्या घरांच्या पट्ट्या लांब आणि मधल्यांच्या टिचभर. एवढ्यावरून ओळखता येतं की कोण आधीचा आणि कोण अतिक्रमणवाला. अतिक्रमणाला आठशे वर्षं झाली की त्याला हेरिटेज म्हणतात.

आज बाजार भरतो तो किल्ल्यासमोरचा चौक म्हणजे त्या पट्ट्याचं पश्चिमेचं टोक. तोही मधली शंभर वर्षं मोकळा नव्हता, व्हिक्टोरियन काळात १८८० च्या दशकात तिथे लाल विटांचा मोठा टाउन हॉल कम मार्केट हॉल बांधला होता. तो १९८६ मध्ये पाडला. गावातल्या जुन्या लोकांपुढे हा विषय काढू नका, अर्धा तास जातो.

खिडकीताई

तो पाडला ते बरंच झालं असं मला वाटतं, फोटोत बघितलाय, अवाढव्य होता. चौक आता श्वास घेतो. असो, भांडायला नाही आले.

पेनदादा, तुमच्या घराच्या दर्शनी भागात एखादी बुजवलेली खिडकी आहे का? असेल तर ती विंडो टॅक्समुळे. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता म्हणून लोकांनी खिडक्या बुजवल्या.

चुना_आणि_विटा

ताई, कर आणि वर्षं अगदी बरोबर, पण बुजवलेली प्रत्येक खिडकी कराची नसते. आधी विटांचे सांधे बघायचे. खिडकी नंतर बुजवली असेल तर आतल्या विटांचे थर आणि आजूबाजूचे थर जुळत नाहीत, उंबऱ्याखाली जुनी झीज दिसते. पण थर तंतोतंत जुळत असतील आणि विटा आत चार इंच दबलेल्या असतील तर ती खिडकी कधीच उघडी नव्हती, पहिल्या दिवसापासून आंधळी आहे. तिथे मागे चिमणी असते किंवा जुन्या सांगाड्याचा खांब नेमका आडवा येतो. पण समोरून पाच खिडक्यांची सममिती हवी ना, म्हणून खोटी खिडकी. काही ठिकाणी तर त्यावर काचेचे चौकोन रंगवलेलेही सापडतात. म्हणजे आंधळी खिडकी हा उलट पुरावाच झाला की मागे जुनं घर दडलंय.

खिडकीताई

अरे वा. हे माहीत नव्हतं. आयडी बदलायला हवा माझा.

घसरतं_पेन

आहे आहे! पहिल्या मजल्यावर डावीकडची. फोटो झूम करून आत्ता बघितलं, थर जुळतात. आणि ती खिडकी जिथे असायला हवी तिथे आतून बरोब्बर चिमणीचा फुगवटा आहे. अंगावर काटा आला राव.

पण जहाजाचं कोणीच बोललं नाही. आणि अजून एक, तुळईवर छिन्नीने रेघा मारल्यात, सरळ चार उभ्या रेघा, शेजारच्या खांबावर पण चार. मुलगी म्हणाली रोमन आकडा, पण रोमन चार तर आयव्ही असतो ना?

सुताराचा_नातू

जहाजाचं मी घेतो. हे इंग्लंडमध्ये प्रत्येक दुसऱ्या जुन्या पबात ऐकायला मिळतं, बारवाला तुमच्या डोक्यावरच्या तुळईकडे बोट दाखवतो आणि आरमाराचं नाव घेतो. लडलोपासून समुद्र कितीतरी लांब, मध्ये वेल्सचे डोंगर. आणि गावाच्या चारही बाजूंना ओकची रानं. बैलगाडीतून खारं लाकूड ओढत कोण आणेल हो? शिवाय जहाजाची लाकडं बहुतेक वाकडी असतात, घराला लागतात सरळ.

रिकाम्या खाचांचं कारण साधं आहे. ओक महाग, त्यामुळे जुनं घर उतरवलं की त्याचे खांब-तुळया नव्या घरात लावायचे. तुमची तुळई आधी दुसरीकडे कुठेतरी काम करून आलीये, तेव्हा त्या खाचांत कुसा, म्हणजे दुसऱ्या लाकडांची टोकं, बसलेल्या होत्या. किंवा दुसरी शक्यता, ती तिथेच आहे आणि खाली पूर्वी लाकडी पार्टिशन होतं ते कोणीतरी काढून टाकलं. दोन्हीत फरक ओळखायचा असेल तर खाचा कुठल्या अंगाला आहेत ते बघा. तळाच्या बाजूला ओळीने सारख्या अंतरावर असतील तर भिंत गेली. कडेला किंवा वरच्या अंगाला विचित्र ठिकाणी असतील तर तुळई फिरवून लावली.

आता रेघा. मुलीला शाबासकी द्या. ते सुताराचे नंबर आहेत. घराचा सांगाडा जागेवर बनत नसे. सुतार आपल्या आवारात जमिनीवर आडवा मांडून एकेक सांधा जुळवत, मग प्रत्येक जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर एकच खूण, मग सगळं सोडवून गाडीत घालून जागेवर नेऊन उभं करायचं. आज फर्निचर खोक्यातून येतं तसंच, फक्त चारशे वर्षं आधी आणि स्क्रू न हरवता. तुळईवर चार, खांबावर चार, म्हणजे हे दोघे एकमेकांसाठीच कापलेले. आणि चार उभ्या रेघाच का, तर आयव्ही उलटा वाचला की सहा होतो. लाकूड कुठल्या बाजूने बघितलं जाईल सांगता येत नाही, म्हणून सुतार चारला चार रेघा आणि नवाला पाचाची खूण नि चार रेघा असंच करायचे.

आणि हेच तुमच्यासाठी महत्त्वाचं. खांब आणि तुळई दोन्हीवर चार असेल आणि दोघं आजही एकमेकांत बसलेले असतील, तर तुळई दुसरीकडून आलेली नाही. मग खाचा गेलेल्या पार्टिशनच्या.

ओक ओलाच वापरायचे बरं का, वाळवलेला ओक छिन्नीला दाद देत नाही. ओला कापायचा, लाकडी खुंट्यांनी आवळायचा, मग तो घरात उभा राहूनच वाळतो, आवळतो, पीळ खातो. ओळंबा लावून सरळ उभं केलेलं घर दहा-वीस वर्षांत आपोआप थोडं वाकडं होतं. तुम्ही जे वाकडेपण म्हातारपण समजता ते बऱ्याचदा लहानपणीचंच असतं. आणि ओला वापरल्यामुळे दुसरा फायदा आपल्याला, झाड कधी तोडलं ते झाडाच्या वलयांवरून कळलं तर घर त्याच्या एक-दोन वर्षांत बांधलं असं धरता येतं. अट एवढीच की सालीजवळचा भाग शिल्लक हवा.

मिसरूड_मास्तर

माझा पण एक बाळबोध प्रश्न. मग गावातलं ते लाकडी फेदर्स हॉटेल काळं-पांढरं कसं राहिलं? त्यावर विटांचा शर्ट का नाही चढवला?

सुताराचा_नातू

कारण फेदर्सचं लाकूड हाच शर्ट आहे! १६१९ चं दर्शनी काम, रीस जोन्स नावाच्या वकिलाचं घर, पुढे १६७० च्या सुमारास त्याची खाणावळ झाली. लाकूड नुसतं आधारापुरतं नाही, चौकटीत चौकट, तिच्यात शंकरपाळ्यासारख्या नक्षी, कोरलेले चेहरे. हे सगळं वजन उचलायला लागत नाही, फक्त ओक परवडतो हे रस्त्याला सांगायला लागतं. एवढं कोरलेलं झाकणार कोण? मधला कठड्याचा सज्जा मात्र नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला.

आणि काळा रंग, तो तर बहुतेक ठिकाणी व्हिक्टोरियन लोकांची हौस. त्याआधी ओक तसाच सोडायचे, तो रुपेरी करडा होतो, किंवा लाकूड आणि गिलावा दोन्हीवरून चुन्याचा हात मारून टाकायचे. आपण ज्याला अस्सल ट्यूडर म्हणतो त्या रंगसंगतीचं वय बऱ्याचदा रेल्वेएवढं असतं.

टेमच्या_काठी

वकील हा मुद्दा सोडू नका. एवढ्याशा गावात एवढा पैसेवाला वकील आला कुठून? कारण वेल्स आणि सीमाभागाचा कारभार बघणारी काउन्सिल ऑफ द मार्चेस लडलोच्या किल्ल्यात बसायची. म्हणजे कोर्टकचेरी, अर्जदार, कारकून, वकील, त्यांच्या खाणावळी आणि तबेले. आधी लोकरीच्या कापडाच्या व्यापाऱ्यांचा आणि पामर्स गिल्डचा पैसा, त्यातून सेंट लॉरेन्स चर्च, १३५ फुटांचा टॉवर, गाव किती छोटं आणि टॉवर केवढा. मग काउन्सिलचा पैसा, त्यातून फेदर्ससारखी घरं. १६८९ मध्ये काउन्सिल बंद झाली आणि किल्ल्याचं छप्पर गेलं. पण गाव मेलं नाही, आजूबाजूच्या जमीनदारांना हिवाळ्यात शहरात घर हवं असायचं, नाच, पत्ते, लग्नं जमवणं. तुमचा विटांचा दर्शनी भाग त्या पैशातला. वरचा बटरक्रॉसही त्याच काळातला, १७४० च्या दशकात विल्यम बेकरने केलेला, खाली खांबांमध्ये लोणी विकायचं आणि वर शाळा.

आणि चौथा पैसा आलाच नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं! गावात हातमोज्यांचा धंदा जोरात होता, १८२६ मध्ये परदेशी हातमोज्यांवरची बंदी उठली आणि धंदा बसला. १८५२ ला रेल्वे आली तरी मोठा कारखाना आला नाही. मँचेस्टर-बर्मिंगहॅममध्ये जे पाडून नवीन झालं ते इथे करायला कोणाकडे पैसेच नव्हते. आज जवळजवळ ५०० लिस्टेड, म्हणजे कायद्याने संरक्षित इमारती आहेत म्हणून आपण कौतुक करतो, त्यातलं निम्मं श्रेय रिकाम्या खिशाला आहे.

दुसरं म्हणजे १५५२ मध्ये गिल्डची घरं-जमिनी गावाच्या कॉर्पोरेशनकडे गेल्या. म्हणजे गावातल्या किती तरी घरांची मालक नगरपालिकाच, राहणारे भाडेपट्ट्यावर. त्यामुळे नोंदी राहिल्या, कोणत्या वर्षी कोणाला पट्टा दिला, काय बांधायची अट घातली. तुमच्या घराचा इतिहास मालकीणबाईंना माहीत नसला तरी कागदांत असायची बरीच शक्यता आहे.

मिसरूड_मास्तर

चर्चचा विषय निघाला म्हणून, आतल्या गायकमंडळींच्या घडीच्या आसनांखाली कोरीवकाम आहे, २८ आसनं, सगळी उचलून बघा. एकात माप मारून ग्राहकांना फसवणारी दारूवाली बाई आहे, सैतान तिला खांद्यावर टाकून नरकाकडे चाललाय आणि तिचं खोटं माप अजून तिच्या हातात. पाचशे वर्षांहून जुना कंझ्युमर फोरम.

चुना_आणि_विटा

हाहा. पेनभाऊ, एक कामाची गोष्ट. नॅशनल हेरिटेज लिस्ट, म्हणजे संरक्षित इमारतींची यादी, नेटवर फुकट बघता येते, पत्ता टाका, घराची नोंद येईल. पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको. बऱ्याच जुन्या नोंदी रस्त्यावर उभं राहून केलेल्या, आत न जाता. त्यामुळे अठराव्या शतकातलं घर असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ अठराव्या शतकातली भिंत एवढाच. कायदा मात्र आतल्या-बाहेरच्या सगळ्याला लागू, नोंदीत लिहिलेलं असो वा नसो. तुमची ती रेघांची तुळई नोंदीत नसली तरी परवानगीशिवाय कापली तर गुन्हा आहे.

आणि मालकीणबाई ओळखीच्या झाल्या असतील तर त्यांना मागच्या भिंतीवर सिमेंट मारू देऊ नका. मी स्वतः भाड्याने राहायचो त्या घरात आधीच्या कोणी तरी विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या होत्या. चुना पाणी घेतो आणि सोडतो, सिमेंट अडवून ठेवतं. आतलं लाकूड ओलं राहून पिठासारखं झालेलं, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. दोन हिवाळे मी भिंतीला दोष देत हीटर लावत बसलो होतो, आणि हा माझा स्वतःचा धंदा, सांगायलाही लाज वाटते.

घसरतं_पेन

मंडळी, अपडेट. काल कामानिमित्त हेरफर्डला जायचं होतं, वाट वाकडी करून लडलोला उतरलो. मालकीणबाई घरी होत्या, मी सगळं सांगितलं, त्यांनी आधी चहा दिला, मग जहाज गेलं म्हणून थोडं तोंड पाडलं.

बाजूचा बोळ आहे! दारामागे असल्यामुळे आधी दिसलाच नव्हता. समोरच्या विटा कोपऱ्यावर जेमतेम दीड वितीपर्यंत वळतात आणि संपतात. पुढे लाकडाचे मोठाले चौकोन, मध्ये गिलावा. वर बघितलं तर पहिल्या मजल्याच्या जाड तुळईचं टोक करवतीने सपाट कापलेलं, विटांच्या पाठीला टेकून. म्हणजे पूर्वी मजला रस्त्यावर पुढे आलेला होता आणि भिंत सरळ करायला तो छाटला, असंच ना? करवतीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात, बोट फिरवलं तर लागतात.

खाचा तुळईच्या तळाला आहेत, ओळीने, अंतर जवळपास सारखं. म्हणजे पार्टिशन. लिस्टमधली नोंद पण काढली, तीन ओळींची आहे, विटा, सॅश खिडक्या, दारावरची काच, आत काय आहे एक शब्द नाही.

बाई म्हणाल्या मागच्या भिंतीचं काम पुढच्या महिन्यात आहे, माणूस सिमेंटच म्हणत होता. चुनेवाले, तुम्हाला मेसेज टाकलाय, बघा. पेन मिळालं नाही. कपाट काढायला पण परवानगी लागते का हो?

चुना_आणि_विटा

छाटलेली तुळई म्हणजे पक्कंच, पुढे आलेला मजलाच होता तो. मेसेज बघितला, बाईंना फोन करतो. कपाट कधीचं आहे त्यावर ठरेल, पाट्या आणि बिजागऱ्यांचा फोटो पाठवा. तोवर तारेचा हुक करून बघा.